नोझलचे तीन आकडे आणि १९४२ सालचे सूत्र

तुमच्या महाविद्यालयात थ्री-डी प्रिंटर असेल तर त्यावर बहुधा मार्लिन हे मुक्त फर्मवेअर चालत असेल. त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये नोझलच्या तापमान नियंत्रणासाठी तीन स्थिरांक असतात. अल्टिमेकर या यंत्रासाठी नमुन्यादाखल दिलेले आकडे असे आहेत : प्रपोर्शनल २२.२, इंटिग्रल १.०८, डेरिव्हेटिव्ह ११४. आता पहिल्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याला उरलेल्या दोघांच्या गुणाकाराने भागा. ४९२.८४ भागिले १२३.१२, म्हणजे जवळजवळ अचूक ४. हा योगायोग नाही. हे ४ आले कुठून, ते या टिपणात पाहू.

त्यासाठी आधी नियंत्रक माणूस होता तेव्हाचे काम पाहा. जयपूरच्या दक्षिणेला असलेले सांगानेर ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पारंपरिक लाल रंगासाठी कापडावर ठशाने तुरटीचा लेप उमटवतात, कापड धुतात आणि मग ॲलिझरिन व धायटीची फुले घातलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात लाकडाच्या आचेवर शिजवतात. पाणी हळूहळू तापावे लागते. आच भडकली तर रंग सारखा बसत नाही. म्हणून रंगारी तीन गोष्टींवर लक्ष ठेवतो. पाणी आत्ता किती कमी तापले आहे, त्यानुसार तो लाकूड आत सारतो. बराच वेळ ते कमीच राहिले तर थोडे थोडे वाढवत नेतो. आणि पाणी भराभर तापू लागले की वेळेआधीच लाकूड मागे ओढतो, कारण लाकूड काढले तरी निखारे उष्णता देतच राहतात. आत्ताची चूक, साठत आलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग : पीआयडीतली तिन्ही अक्षरे इथे आहेत. हे उदाहरण मी सजावट म्हणून दिलेले नाही. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूवर जो निबंध लिहिला, त्यातही कसलेला सुकाणूधारी नेमके काय करतो हाच प्रश्न होता. पुढच्याच वर्षी त्यांची यंत्रणा अमेरिकन नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर तपासली गेली.

पण तीन क्रिया माहीत असणे वेगळे आणि प्रत्येकीचे प्रमाण किती ठेवायचे हे ठरवणे वेगळे. खरी अडचण दुसऱ्या ठिकाणी आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीने तिन्ही क्रिया असलेला, हवेच्या दाबावर चालणारा नियंत्रक बाजारात आणला. त्यावर फिरवायला तीन घुंड्या आल्या, पण कारखान्यातल्या माणसाला कोणती किती फिरवायची ते कळेना. त्याच कंपनीतील जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकोल्स यांनी १९४२ साली अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेच्या नियतकालिकात त्याचे उत्तर छापले. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद ठेवा. प्रपोर्शनल गेन वाढवत न्या. एका टप्प्यावर तापमान न थांबता, न वाढता सारखे वरखाली होत राहील. तो गेन आणि त्या आंदोलनाचा आवर्तकाल एवढेच टिपा. मग प्रपोर्शनल त्या गेनच्या ०.६ पट, इंटिग्रलचा काळ आवर्तकालाच्या अर्धा आणि डेरिव्हेटिव्हचा काळ एक-अष्टमांश ठेवा. अर्ध्याला एक-अष्टमांशाने भागले की ४ येतात, आणि वर आपण केलेला भागाकार म्हणजे याच दोन काळांचे गुणोत्तर आहे. त्याच फाईलमधून आवर्तकालही काढता येतो : २२.२ ची दुप्पट भागिले १.०८, म्हणजे सुमारे ४१ सेकंद. कोणा एका गरम नोझलचा श्वास तिथे नोंदलेला आहे.

मात्र छोट्या नोझलसाठीही ‘सारखी आंदोलने होईपर्यंत गेन वाढवा’ हे कटकटीचे काम आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील कार्ल ओस्ट्रॉम आणि टोरे हेग्लुंड यांनी १९८४ साली सोपा मार्ग दाखवला. हीटर नुसता चालू-बंद करा. लक्ष्याच्या खाली गेले की चालू, वर गेले की बंद. तापमान आपोआप डोलू लागते आणि त्या आंदोलनाच्या उंचीवरून तो सीमेवरचा गेन काढता येतो. मार्लिनमधील एम३०३ हा आदेश हेच करतो. एम३०३ ई० एस२०० सी८ दिला की पहिले नोझल २०० अंशांभोवती आठ आवर्तने डोलते, आणि मग १९८४ च्या युक्तीने मोजलेल्या संख्या १९४२ च्या सूत्रात भरल्या जातात. एम३०१ ने आलेले आकडे लागू करा आणि एम५०० ने जतन करा. हे टेबलावर यायला मध्ये एक कायदेशीर गाठ सुटावी लागली. एड्रियन बॉयर यांनी बाथ विद्यापीठात रेपरॅप प्रकल्प २००५ साली सुरू केला खरा, पण स्कॉट क्रम्प यांचे वितळलेल्या तंतूने थर रचण्याचे मूळ पेटंट २००९ साली संपल्यावरच स्वस्त यंत्रांची लाट आली. मार्लिन २०११ चे.

आता माझे मत. हे सूत्र तुम्ही आहे तसे स्वीकारू नये. झीग्लर आणि निकोल्स यांनी चांगल्या नियंत्रणाची खूण म्हणून ‘प्रत्येक शिखर आधीच्या शिखराच्या एक-चतुर्थांश’ ही कसोटी निवडली. धक्का बसल्यावर तापमान ८ अंश वर गेले, तर पुढच्या फेरीत ते २ अंश वर जाईल. रासायनिक कारखान्यात बाहेरचा धक्का लवकर पचवण्यासाठी ते ठीक होते. नोझलमध्ये मात्र वरखाली जाणारे तापमान म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा बदलता प्रवाह, आणि आत टेफ्लॉनची नळी असेल तर २५० अंशांच्या आसपास तिला धोका. म्हणून ट्यूनिंगनंतर आलेख पाहा. तापमान डोलत असेल तर प्रपोर्शनल थोडा कमी करून पुन्हा पाहा.

ट्यूनिंग कोणत्या स्थितीत करता यालाही महत्त्व आहे. जयपूर भागात जानेवारीच्या पहाटे ८ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश धरले, तर २०० अंशांच्या नोझलमधून बाहेर जाणारी उष्णता उन्हाळ्यात सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. हा फरक इंटिग्रल क्रिया भरून काढते. त्याहून मोठा फरक छापलेला भाग थंड करणाऱ्या पंख्याचा असतो. तो चालू ठेवूनच, आणि तुम्ही ज्या तापमानावर छापता त्यावरच ट्यूनिंग करा.

एक गोष्ट कोणतेही सूत्र करू शकत नाही. थर्मिस्टर जागेवरून निसटला तर नियंत्रकाला नोझल थंडच दिसते आणि तो पूर्ण वीज देत राहतो. त्यासाठी मार्लिनमध्ये वेगळे संरक्षण आहे : हीटर चालू असूनही ठरलेल्या वेळेत तापमान वाढले नाही, की यंत्र बंद होते. काही स्वस्त प्रिंटर हे संरक्षण बंद ठेवून विकले गेले आहेत. तुमच्या यंत्रात ते चालू आहे का, हे ट्यूनिंगच्याही आधी तपासा.

२०२२ साली आलेल्या मार्लिन २.१ मध्ये पीआयडीऐवजी नोझलच्या उष्णतेचे गणिती प्रतिमान वापरण्याची सोय आहे. ती निवडलेल्या यंत्रात आपला ४ सापडणार नाही, कारण तिथे हे तीन स्थिरांकच नसतात.