मार्गासनी परिसरातील सायकल पर्यटन

पुणे जिल्ह्याच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील मार्गासनी हे गाव नसरापूर-वेल्हे रस्त्यावर, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात म्हणजे जुन्या गुंजण मावळात वसले आहे. पुणे-सातारा महामार्ग नसरापूरजवळ सोडला की ट्रकांचा गोंगाट मागे पडतो. वाटेत नानासाहेब पेशव्यांच्या काळातले बनेश्वर मंदिर लागते. मार्गासनीला फाटा फुटतो: एक रस्ता साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावी जातो, दुसरा विंझरवरून वेल्ह्याला, तोरण्याखाली.

डोंगर दोन्ही अंगांना, रस्ता मात्र खोऱ्यातून. त्यामुळे चढ फारसे अंगावर येत नाहीत. खरा घाम काढतो तो वेल्हे आणि पानशेत खोऱ्यांना जोडणारा पाबे घाट. पूर्णपणे वाहनमुक्त असा हा मार्ग नव्हे. शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्यांच्या मोटारी असतातच. सायकलस्वाराने आठवड्यातला मधला दिवस आणि पहाट गाठावी. आषाढात भातलावणीच्या वेळी खाचरांतून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल डांबरावर सांडतो, वळणावर चाक हमखास घसरते. ब्रेक आधीच दाबावा. हिवाळा सर्वांत चांगला: खाचरे कापलेली, हवा कोरडी, आणि राजगडाची सुवेळा माची लांबूनही स्पष्ट दिसते.