गुळवेल : एका कडू वेलीची गोड नावे

गुळवेलीच्या नावात गूळ दिसतो, पण तिचा गुळाशी काही संबंध नाही. मूळ संस्कृत शब्द गुडूची. त्यातल्या ‘ड’चा ‘ळ’ झाला आणि मराठी कानाने त्यात गूळ ऐकला. गुजरातीत ती गळो, हिंदीत गिलोय, बंगालीत गुलंच आणि कन्नडात अमृतबळ्ळी होते. कांडाचा तुकडा चघळून पाहिला की या साऱ्या नावांमागची चव कळते. ती कडू आहे आणि बराच वेळ जिभेवर राहते.

अमरकोशात तिची अनेक नावे एकत्र आली आहेत. त्यांतली ‘छिन्नरुहा’ आणि ‘अमृता’ ही दोन आम्हांला अधिक बोलकी वाटतात. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. ज्याने कुंपणावर टाकलेला तिचा तुकडा हवेत मुळे सोडताना पाहिला, त्याचे हे निरीक्षण. ‘अमृता’ हे मात्र निरीक्षण नव्हे, ती श्रद्धा आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त तिला कथेचा आधार दिला : रावणवधानंतर इंद्राने अमृताचा वर्षाव करून राक्षसांनी मारलेले वानर उठवले आणि त्यांच्या अंगावरून जिथे थेंब ओघळले तिथे गुडूची उगवली. (याच भावमिश्राने ‘फिरंग’ हा नव्याने आलेला रोगही आपल्या ग्रंथात नोंदवला. परंपरा तेव्हा डोळे उघडे ठेवून होती, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

चरकसंहितेत गुडूची चार मेध्य रसायनांपैकी एक आहे. वातरक्तावर तिचा मान मोठा. ज्वरात ती आहेच आणि कामलेतही, म्हणजे काविळीतही, तिचा रस सांगितला आहे. हा शेवटचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. इंग्रजी अमदानीतही ती मागे पडली नाही. १८६८ साली एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त तिला स्थान मिळाले. घरोघरी मात्र तिचे दुसरे रूप परिचयाचे होते : कांडे ठेचून पाण्यात कुस्करायची, पाणी निवळू द्यायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. हेच गुळवेलसत्त्व. निंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, हा समजही तितकाच घरगुती.

२०२० साली या वेलीला तिसरे नाव मिळाले, ‘इम्युनिटी बूस्टर’. करोनाच्या त्या वर्षात आमच्यातल्या काहींच्या घरीही सकाळी काढा उकळत असे. इतरांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक उपाय म्हणून गुडूची घनवटीचे जे प्रमाण सांगितले, त्याला पंधरा दिवस ते एक महिना अशी मुदत होती. लोकांनी वनस्पती घेतली, मुदत सोडून दिली. अमृताला कसली आली मात्रा?

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत आले. २०२१ मध्ये त्यांची हकिगत प्रसिद्ध झाली. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटते तेव्हा जशी लक्षणे दिसतात, तशी ती होती. काहींच्या शरीरात हा विकार आधीपासून निपचित पडून असावा आणि गुळवेलीने तो जागा केला असावा, असा तर्क होता. मंत्रालयाने हरकत घेतली : रुग्णांनी नेमके काय घेतले ते तपासलेच नाही, गुळवेलीची एक बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, दिसायला जवळची पण कांडावर ठळक गाठी असलेली आहे, तिची गफलत झाली असावी. ही हरकत निराधार नव्हती. झाडपाला विकणाऱ्याच्या टोपलीत कांडाचे तुकडे झाले की ओळख अवघड होते. पण २०२२ साली तेरा केंद्रांतल्या त्रेचाळीस रुग्णांची पाहणी पुढे आली, तिनेही बोट गुळवेलीकडेच दाखवले. त्यामुळे सगळा दोष त्या बहिणीवर ढकलणे आम्हांला पटत नाही.

ज्या वेलीचा रस चरकाने काविळीवर सांगितला, तिच्याच सेवनानंतर रुग्ण पिवळे डोळे घेऊन दवाखान्यात यावेत, यात परंपरेचा पराभव पाहण्याची घाई आम्ही करणार नाही. चरकाचा वैद्य रोग्याची प्रकृती, बल, काळ पाहून औषध देत होता. आपण बाटलीवरची अक्षरे पाहून घेत होतो. मुळात ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. ती शक्ती वाढली की भलेच होणार, असे तो गृहीत धरतो. ज्यांची ही यंत्रणा स्वतःच्याच शरीराशी लढते आहे, ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे, त्यांना ही वाढ नको असते. रक्तातली साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनीही जपून राहावे, कारण गुळवेल साखर आणखी उतरवू शकते. आणि डॉक्टरांनी ‘काय औषधे घेता?’ असे विचारले तर काढ्याचे नाव सांगायला हवे. आपल्याकडे ते सांगितले जात नाही. काढा म्हणजे औषध नव्हेच, तो घरचा, असे आपण समजतो.