ट्रंकेतला संघ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. शाळेत आपण तसाच शिकलो, आणि पुष्कळसा शिकवतोही तसाच. पण आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे, ते कोणत्याही दप्तरखान्यात नाही. ते आमच्या सेलूच्या घरी, पत्र्याच्या एका ट्रंकेत आहे. जाड पुठ्ठ्याची एक वही, तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणे, आणि कडेला माझ्या काकांच्या अक्षरातल्या नोंदी. विषय एकच, क्रिकेट.

तुम्ही म्हणाल, हा तर पोरखेळ. मीही लहानपणी तसेच समजत होतो. काका गव्हाच्या पिठाची खळ करून कात्रण चिकटवीत बसले, की काकू म्हणत, "पोटाला पीठ नाही आणि कागदाला खळ!" पण काका गेल्यावर मी ती वही पहिल्या पानापासून वाचली, आणि माझ्या ध्यानात आले की हा नुसता खेळाचा हिशेब नव्हे. आपल्या परभणी जिल्ह्याने गेल्या ऐंशी वर्षांत काय काय पाहिले, त्याचा हा एक आडवाटेचा दाखला आहे.

वहीची पहिली पाने उर्दू आहेत. काका निजामी राजवटीत शिकले. तेव्हा सरकारी शाळेत शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादची वर्तमानपत्रे काचीगुडा-मनमाड या छोट्या रुळांच्या गाडीने येत, आणि ती रद्दीत जाण्यापूर्वी काका त्यांतली चित्रे कापून घेत. ओघानेच त्यांचा आवडता संघ म्हणजे हैदराबाद. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, आणि १९३७-३८ च्या मोसमात हैदराबादने तो करंडक जिंकला. मुंबईतल्या त्या अंतिम सामन्यात नवानगरवर अवघा एक गडी राखून विजय मिळाला. एदलजी ऐबारा या फलंदाजाने नाबाद १३७ धावा काढून सामना तडीस नेला. काका तेव्हा अगदी लहान. पण ही कथा त्यांनी मोठ्यांच्या तोंडून इतकी ऐकली होती, की पुढे वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात उतरून काढली.

मध्यंतरी दोन पाने कोरी आहेत. ते साल १९४८. रझाकारांचे दिवस, गावोगावी भीती, गाड्या अनियमित. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. कोऱ्या पानांनंतरचे पहिले कात्रण त्याच वर्षीच्या डिसेंबरातले आहे, आणि ते मराठी आहे. पुण्याला महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना झाला, त्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊच धावांवर होता. पण काठेवाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायचेच नाकारले, आणि विक्रम राहून गेला. एवढ्या धावा काढणारा हा गडी पुढे एकही कसोटी सामना खेळला नाही. कडेला काकांनी लिहिले आहे, "अन्याय."

शिक्षक बंधुभगिनींनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कात्रणावर तारीखच नाही! काका कापताना वरची पट्टी सोडून देत. साल ओळखले ते मजकुरावरून, आणि महिना नक्की झाला तो पुढे छापील नोंदी पाहिल्यावर. कात्रण खळीतून थोडे सुटले होते, म्हणून मी पाठीमागची बाजू पाहिली. तेथे कापसाचे भाव होते. सेलू-मानवत म्हणजे कापसाची पेठ. मला वाटले, पुढची बाजू काकांनी निवडली, पण मागची बाजू तर काळानेच चिकटवून ठेवली. खेळाच्या मागे बाजार, बाजाराच्या मागे गाव. कात्रण जपताना त्याची पाठही वाचावी, हा धडा मला तेथे मिळाला.

काकांना आणखी एक नाद होता. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात गेला, की ते त्याचे जुने चित्र अलगद काढून नव्या संघाच्या पानावर चिकटवीत, आणि मोकळ्या चौकोनात लिहीत, "हा कोठे गेला." असे चौकोन वहीत जागोजागी आहेत. सांगलीचे विजय हजारे घ्या. १९३९-४० साली महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि दोनच वर्षांत ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले. मार्च १९४७ मध्ये बडोदा विरुद्ध होळकर या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठी तो जागतिक विक्रम ठरला, आणि २००६ सालापर्यंत तो अबाधित होता. चंदू सरवटे मध्यप्रांत-वऱ्हाडातून महाराष्ट्रात, तेथून मुंबईत, आणि शेवटी होळकरांकडे. निंबाळकरही बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे असे ठिकठिकाणी खेळले.

ही माणसे अशी का हिंडली? मैदानावर त्याचे उत्तर मिळत नाही. ते पोटापाण्यात आहे. त्या काळी आपल्याकडे निव्वळ खेळावर संसार चालत नसे. संस्थानिकाने पदरी घेतले, फौजेत हुद्दा दिला किंवा खासगीकडे नोकरी दिली, तर चूल पेटायची. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना असेच मानाने ठेवले होते. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ त्यांच्याच नेतृत्वाखाली खेळला. त्यांच्या होळकर संघाने १९४४-४५ पासूनच्या ११ मोसमांत १० वेळा अंतिम फेरी गाठली आणि ४ वेळा करंडक जिंकला. म्हैसूरविरुद्ध एकाच डावात ९१२ धावा, आणि त्या डावात सहा जणांची शतके. असा तो संघ.

तो संघ आता कोठे आहे? कोठेच नाही. इंदूर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. संघाने आपले जुने नाव आणखी सात वर्षे टिकवले. १९५४-५५ चा अंतिम सामना तो मद्रासकडून हरला, आणि पुढल्या मोसमापासून 'होळकर' हे नाव धावफलकावरून पुसले गेले. नायडूसाहेब त्यानंतरही, १९५६-५७ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी सामना खेळले. आश्रय संपला, राज्य संपले, खेळणारा मात्र उरला. संस्थानांचे विलीनीकरण मी वर्गात तारखांनी शिकवले आहे. पण काकांच्या वहीतले होळकरांचे शेवटचे पान दाखवले, तेव्हा मुलांना ते खरे कळले.

आता वहीतल्या सर्वांत अवघड पानाकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. गावात गुढ्या उभारल्या. काकाही मिरवणुकीत होते. आपली भाषा बोलणाऱ्यांत आपण आलो, याचा आनंद त्यांना कोणाहून कमी नव्हता. पण रात्री वही उघडून बसले तेव्हा त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. पान दोन भागांत आखलेले आहे. डावीकडे 'हैदराबाद', उजवीकडे 'महाराष्ट्र', आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले, "मग आता आपण कोणाचे?"

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तेथे ब्रुकलिन या न्यूयॉर्कच्या भागात डॉजर्स नावाचा संघ लोकांच्या गळ्यातला ताईत होता. १९५७ च्या मोसमानंतर मालकाने तो संघ उचलून हजारो मैल दूर, लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिनच्या लोकांच्या हाती उरली ती खेळाडूंची चित्रपत्रे आणि जुनी तिकिटे. तेथे अशी चित्रपत्रे जमवण्याचा मोठा षोक आहे. पूर्वी ती सिगारेटच्या पाकिटांत मिळत. होनस वॅगनर या खेळाडूचे १९०९ च्या सुमाराचे एक चित्रपत्र २०२१ साली ६५ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ब्रुकलिनमध्ये संघ गेला आणि माणसे जागेवर राहिली. आमच्याकडे संघही हलला नाही आणि माणसेही हलली नाहीत. हलली ती सीमा.

काकांनी या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले नाही. प्रथम त्यांनी महाराष्ट्राच्या संघाची मागची हकीकत जमवली. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० ला, पण महाराष्ट्र नावाचा क्रिकेट संघ त्याआधी पंचवीस वर्षे रणजीत खेळत होता! म्हणजे राज्याच्या आधी संघ. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने करंडक जिंकला. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना या शिक्षकाने मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पुढे त्यांना १०१ वर्षांचे आयुष्य लाभले. काकांच्या नोंदीत एवढेच आहे, "मास्तर माणूस. हा आपला."

तरीही डावी बाजू त्यांनी मिटवली नाही. जयसिंहाचे चित्र त्यांनी तेथे लावले. पतौडीचे नबाब दिल्ली सोडून हैदराबादकडून खेळू लागले, तेव्हा तेही लावले. भारताचा कर्णधार हैदराबादच्या संघात जयसिंहाच्या हाताखाली खेळतो, याचे काकांना फार कौतुक. उजवीकडे चंदू बोर्डे बडोद्याहून महाराष्ट्रात परत आल्याची नोंद मोठ्या अक्षरात आहे. १९७०-७१ ला महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईचे नामवंत खेळाडू तेव्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. "आता नाही तर कधी?" असे सगळे म्हणत होते. पण सुधीर नाईकांच्या मुंबईने ४८ धावांनी सामना जिंकला. काकांनी ते कात्रण महिनाभर तसेच ठेवले, मग चिकटवले. बोलले काही नाहीत.

आणि १९८६-८७ साली हैदराबादने दिल्लीला नमवून दुसऱ्यांदा करंडक जिंकला, पहिल्यानंतर ४९ वर्षांनी. त्या वेळी काकांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. एका तरुण शिक्षकाने विचारले, "काका, हैदराबाद आता परकं राज्य. तुम्हाला कसला आनंद?" काका म्हणाले, "अरे, मुलगी सासरी गेली म्हणून माहेर परकं होतं का?"

मंडळी, त्या शिक्षकाला त्यात थोडा कमीपणा दिसला होता, हे मला ठाऊक आहे. कारण तो शिक्षक मीच. मुक्तिसंग्रामाच्या जिल्ह्यातला माणूस हैदराबादसाठी पेढे वाटतो, हे मला रुचले नव्हते. आज वाटते, मी दोन गोष्टींची गल्लत करीत होतो. निजामाची सत्ता वेगळी, आणि त्या मातीत एकत्र वाढलेल्या माणसांची सोबत वेगळी. काकांनी पहिलीविरुद्ध प्रभातफेऱ्या काढल्या आणि दुसरी वहीत जपली. दोन्ही खरे होते.

आज राज्याच्या नकाशात महाराष्ट्र एक आहे, पण रणजीत त्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. आपला मराठवाडा पुण्याच्या महाराष्ट्र संघात मोडतो. हैदराबाद आधी संस्थान, मग आंध्र प्रदेशात, आणि २०१४ पासून तेलंगणात. संघाचे नाव मात्र तेच. २००८ पासून तर आयपीएलमध्ये खेळाडूंचा उघड लिलाव होतो, आणि "हा कोठे गेला" हा चौकोन दरवर्षी नव्याने भरावा लागतो.

वहीतले शेवटचे कात्रण २०१४ च्या फेब्रुवारीतले आहे. एकवीस वर्षांनी महाराष्ट्र रणजीच्या अंतिम फेरीत आला होता, आणि सामना होता हैदराबादला. कर्नाटकाने तो सात गडी राखून जिंकला. काकांचा हात तेव्हा थरथरत होता, म्हणून खळ मी लावली. नोंद त्यांनी सांगितली, मी लिहिली: "मैदान आपले, संघही आपला. हरलो, पण घरीच हरलो."

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गात अशी एक वही सुरू करा. क्रिकेटची असो, कबड्डीची असो, गावच्या कुस्तीच्या फडाची असो. मुले चित्रे जमवतातच. त्यांना एवढेच सांगा, की प्रत्येक चित्राखाली तारीख आणि पत्राचे नाव लिहा, पाठीमागे काय छापले आहे तेही पाहा, आणि एखादा गडी संघ सोडून गेला तर 'का गेला' हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. वहीला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. आमच्या ट्रंकेत तो अजून आहे. आणि १९५६ च्या पानावरची ती पेन्सिलीची ओळही आहे. ती काकांनी कधी खोडली नाही, आणि मीही खोडलेली नाही.