जंजिऱ्याला होडीने जाताना : लहान मुलं आणि वडीलधाऱ्यांसोबत एक दिवस

आमच्या लोहाऱ्यापासून समुद्र सुमारे ७०० किलोमीटर दूर. वर्गात मी मुलांना विचारलं, "समुद्र कोणी कोणी पाहिला?" तर चाळीसपैकी सहा हात वर झाले. बाकीच्यांचं मोठं पाणी म्हणजे बेंबळा धरण. त्यामुळे सुट्ट्यांत यवतमाळकडची कुटुंबं कोकणात निघतात तेव्हा हौस भरपूर असते, पण पाण्याची सवय नसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही अम्मी, दोन मुलं आणि बहिणीच्या कुटुंबासह मुरूड-जंजिऱ्याला गेलो होतो. जाण्याआधी जे माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहितो.

जंजिरा म्हणजे काय?

उर्दू-अरबीत बेटाला 'जज़ीरा' म्हणतात, त्यावरूनच जंजिरा हे नाव आलं. रायगड जिल्ह्यात मुरूड गावाजवळ, राजापुरीच्या खाडीच्या तोंडाशी हा किल्ला आहे आणि त्याला चारही बाजूंनी पाणी आहे. आफ्रिकेतून, म्हणजे हबशातून, आलेले सिद्दी आधी अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत होते. पुढे जंजिऱ्याला त्यांचं स्वतंत्र राज्य उभं राहिलं आणि १९४८ साली ते भारतात विलीन झालं. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोघांनीही किल्ला घेण्याचे प्रयत्न केले, पण तो शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला. महाराजांनी जवळच समुद्रात बांधलेला पद्मदुर्ग इथून दिसतो. मुलांना दोन्ही किल्ले दाखवा आणि दोन्हींचा इतिहास सांगा.

आत गोड्या पाण्याचे तलाव, पडका वाडा, मशीद आणि कलालबांगडी ही प्रचंड तोफ पाहण्यासारखी आहे. मुख्य दरवाजा लांबून दिसतच नाही, होडी अगदी जवळ गेली की अचानक समोर येतो. खारं पाणी चारही बाजूंनी आणि मध्ये पिण्याचं पाणी, ही गोष्ट मुलांना सर्वात जास्त आवडली.

कसं जायचं?

यवतमाळहून धामणगाव किंवा बडनेरा स्टेशन गाठून रात्रीच्या गाडीने मुंबई. तिथून दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पनवेल-अलिबागमार्गे एसटी किंवा खाजगी गाडी. दुसरा म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट. ती २०२० साली सुरू झाली आणि तिच्यात गाडीसुद्धा चढते. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड. मुंबईहून त्याच दिवशी परत येणं वडीलधाऱ्यांना झेपत नाही. रात्री मुरूड किंवा अलिबागला मुक्काम करा आणि सकाळी ताज्या अंगाने निघा.

मुरूडपासून राजापुरीचा धक्का सुमारे ५ किलोमीटर. तिथून शिडाच्या होड्या किल्ल्यावर जातात. किल्ल्यात फिरायला होडीवाले साधारण पाऊण तास देतात. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, होड्या बंद असतात. इतर वेळीही वारा वाढला की बंद करतात. "एवढ्या दुरून आलो, सोडा ना" असा हट्ट होडीवाल्याशी कधीही करू नका.

चांदच्या तारखेवरून भरतीचा अंदाज

आपल्यापैकी बरेच जण हाजी अलीला गेलेले असतात. भरती आली की दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो, हे त्यांनी पाहिलं असेल. तसंच पाणी जंजिऱ्यालाही दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आपली चांदची तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. म्हणजे चांदची ३ तारीख असेल तर तिथी ४, तिची पाऊणपट ३, म्हणून भरती साधारण ३ वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी ९ च्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी परत १ पासून मोजायची. हा फक्त अंदाज आहे. नक्की वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारूनच घ्या.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जास्त असते. चांदच्या ८-९ आणि २२-२३ च्या आसपास हा फरक सर्वात कमी असतो. सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर शक्यतो हेच दिवस निवडा.

लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच विदर्भात, वरूड तालुक्यातल्या झुंज इथे, वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. आपण मात्र सक्तीची वाट पाहू नये.

– जॅकेट धक्क्यावरच घाला, होडीत बसल्यावर नाही. सगळे बक्कल लावा.
– मुलांना मुलांच्याच मापाचं मागा. घातल्यावर खांद्यापाशी धरून वर उचलून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, पाण्यात अंगातून निघून जाईल. माप नसेल तर दुसऱ्या होडीची वाट पाहा.
– बुरख्यावर किंवा ओढणीवर जॅकेट व्यवस्थित बसतं. ते बुरख्याच्या आत घालू नका. खालचा घेर चढताना पायात येतो, तो एका हाताने धरा. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.
– होडीवर किती माणसं चालतात, ते विचारा. जास्त वाटली तर शांतपणे उतरा.
– फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहू नका. वजन एकीकडे गेलं की होडी कलंडते.
– मळमळ होणाऱ्याला मध्यभागी बसवा आणि लांब किनाऱ्याकडे पाहायला सांगा. सकाळी हलका नाश्ता द्या.

किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी वरखाली होते. ओहोटीत उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आमच्या अम्मी तिथे घाबरून थांबल्या. होडीवाले चाचा म्हणाले, "आजी, घाई नको. लाट होडीला वर उचलेल तेव्हाच पाय टाका." दोघांनी दंडाला धरलं आणि तिसऱ्या लाटेला अम्मी उतरल्या. परत येताना त्या स्वतःच आम्हाला सांगत होत्या, "आत्ता नाही, थांबा."

मुरूडचा किनारा

होडीपेक्षा मोठा धोका इथे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. किनारा सपाट आणि शांत दिसतो, पण ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. विहिरीत, धरणात पोहणारा इथे पोहू शकेलच असं नाही. घोट्यापर्यंत पाणी, त्यापुढे नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. अब्बा आत गेले की मुलं मागोमाग जातातच.

नमाज, जेवण आणि बाकी

लोहाऱ्याहून निघालेला माणूस इथे मुसाफिर असतो, म्हणून चार रकात फर्जची कस्र होते. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारून निघा. किल्ल्यात वेळ कमी मिळतो, तेव्हा जोहर मुरूड किंवा राजापुरीच्या मशिदीत होईल असं वेळापत्रक ठेवा. जेवण किनाऱ्यावर परत येऊन करा, तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी मिळते. बाथरूमचं काम होडीत बसण्याआधी उरका. पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे आणि अम्मी-अब्बांची औषधं जवळ असू द्या. कचरा परत आणा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, भिंतींवर नावं कोरणं गुन्हा आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात बरा. निघण्याआधी घरात बसून एकदा सगळ्यांना, विशेषतः तरुण मुलांना, जॅकेट आणि किनाऱ्याचे नियम समजावून सांगा. होडी सुटल्यावर कोणी ऐकत नाही, हा माझा शिक्षक म्हणून आणि बाप म्हणूनही अनुभव आहे. अल्लाह सगळ्यांचा सफर सुखरूप करो.