१९२० साल : उघडलेली दारे, अडलेली दारे

१९२० साल म्हटले की आपल्याला असहकार आणि खिलाफत या चळवळी आठवतात. त्या वर्षी १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी महात्मा गांधींनी असहकाराला आरंभ केला. शाळेत आपण हे सारे शिकतो. परंतु याच एका वर्षात शिक्षणाच्या क्षेत्रातही काही गोष्टी घडल्या. त्या चळवळींइतक्या गाजल्या नाहीत. तरी पालकांनी व विद्यार्थ्यांनी त्या अवश्य लक्षात ठेवाव्यात.

प्रथम, ज्यांचे राज्य आपल्यावर होते त्या इंग्लंडकडे पाहू. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. लाखो तरुण कामी आले होते. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत एका अज्ञात सैनिकाचे मोठ्या सन्मानाने दफन झाले, ते अशा सर्वांच्या स्मरणार्थ. युद्धकाळात कारखाने, कचेऱ्या, रुग्णालये स्त्रियांनी सांभाळली होती. त्यानंतर 'स्त्रियांना हे जमणार नाही' असे म्हणणे कठीण झाले. १९१८ साली तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला आणि १९२० साली इंग्लंडच्या न्यायालयात स्त्रिया प्रथमच ज्यूरीत बसल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना प्रथमच पदव्या दिल्या. वास्तविक तेथे मुलींसाठी महाविद्यालये १८७९ सालीच निघाली होती. मुली व्याख्याने ऐकत, परीक्षा देत, उत्तीर्णही होत; पदवी मात्र मिळत नसे! म्हणजे चाळीस वर्षे मुली शिकत होत्या, पण त्यांच्या हाती कागद पडत नव्हता.

या अन्यायाचा अनुभव आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका मुलीनेही घेतला. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे, ख्रिस्ती झालेल्या एका पारशी घराण्यात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. परंतु त्या परीक्षेची पदवी मिळण्यास त्यांना १९२० चा निर्णय होईपर्यंत थांबावे लागले. परीक्षा तरुणपणी, पदवी पन्नाशी उलटल्यावर!

आणि केंब्रिज? डिसेंबर १९२० मध्ये तेथे हाच प्रश्न मताला आला. स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व द्यावे या बाजूने ७१२ मते पडली, विरुद्ध ९०४. पूर्ण अधिकार मिळण्यास १९४८ साल उजाडले. विरोध करणारे अडाणी नव्हते, ते त्याच विद्यापीठाचे पदवीधर होते. शिकलेल्या माणसाची दृष्टीही संकुचित असू शकते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढला १८७५ साली शाळा काढली व लवकरच तिचे कॉलेज झाले. १९२० च्या कायद्याने त्या कॉलेजचे अलिगढ मुस्लिम विद्यापीठ बनले. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती कोण होत्या? भोपाळच्या राज्यकर्त्या नवाब सुलतान जहाँ बेगम! ज्या वर्षी केंब्रिजचे विद्वान स्त्रियांना साधे सभासदत्व नाकारत होते, त्याच वर्षी मुसलमानांच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठाचे सर्वोच्च पद एका पडदानशीन मुस्लिम स्त्रीकडे होते. अलिगढमध्ये शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली, तिलाही या बेगमसाहेबांचे साह्य होते. मुलींचे शिक्षण ही परक्यांची रीत आहे असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. हे भोपाळ काही फार दूर नाही. आपल्या भुसावळवरूनच तिकडे गाडी जाते.

याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलिगढ येथे जामिया मिल्लियाची स्थापना झाली. सरकारी मदत नको, स्वाभिमानाने शिकू, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची व शिक्षकांची ती संस्था. १९२५ साली ती दिल्लीस गेली. पैशाची चणचण वर्षानुवर्षे होती, तरी ती बंद पडू दिली नाही.

शेवटी एका विद्यार्थ्याची हकिगत. जुलै १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईची प्राध्यापकाची नोकरी सोडून राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला निघाले. गाठीला स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज. तेथे अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचीत बसत. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या लंडन विद्यापीठाच्या पदव्या त्यांनी मिळविल्या. ज्या मुलाला लहानपणी वर्गात वेगळे बसविले जाई, त्याने हे केले.

या सर्व हकिगतींचे सार एकच. कायदा दार उघडतो. आत पाऊल टाकायचे ते माणसालाच. आज आपल्या मुलींना विद्यापीठाचे कोणतेच दार बंद नाही. ऑक्सफर्डच्या मुलींना चाळीस वर्षे जे मिळाले नाही, ते आपल्या मुलीला अर्ज भरताच मिळते. मग मुलगी दहावी झाली, आता पुरे, असे जेव्हा घरात म्हटले जाते तेव्हा दार कोण अडवतो? सरकार नव्हे, विद्यापीठ नव्हे. केंब्रिजमधल्या त्या ९०४ मतांसारखेच एक मत आपल्याच घरातून पडत असते.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलीला पुढे भुसावळला किंवा जळगावला शिकायला पाठवताना काळजी वाटणे साहजिक आहे. सोबत कोण, गाडी कोणती, परतायला किती वाजतील, हे सारे प्रश्न खरेच आहेत. पण त्यावर तोडगा निघू शकतो. दोन-चार घरांनी मिळून मुली एकत्र पाठवाव्यात, ही अवघड गोष्ट नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपली बहीण पुढे शिकू इच्छीत असेल तर घरात तिच्या बाजूने पहिले मत आपले पडू द्या.