बुळकांडी गेली, पण कशी?

तुम्ही महाराष्ट्रात असा, इंदूर-बडोद्यात असा की हैदराबादेत. घरी कधीकाळी गुरे असतील, तर आजी-आजोबांच्या तोंडून ‘बुळकांडी’ हा शब्द ऐकला असेल. आज हा रोग डोळ्यांनी पाहिलेला पशुवैद्य शोधावा लागतो. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांच्या रोगांपैकी आजवरचा एकमेव. लस आली आणि रोग गेला, असे आपण सहज म्हणून जातो. पण चांगली लस भारतात १९२० च्या दशकातच तयार झाली होती, आणि इथली शेवटची साथ झाली १९९५ मध्ये. मग मधली जवळजवळ सत्तर वर्षे काय चालले होते? आज हाच प्रश्न घेऊ.

आधी रोगाची ओळख. बुळकांडीचा विषाणू हा माणसाला होणाऱ्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. जनावराला सडकून ताप यायचा, डोळ्या-नाकातून पाणी वाहायचे, तोंडात फोड येऊन चारा-रवंथ बंद व्हायचे, मग हगवण लागायची आणि बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत दगावायची. बैल गेले की पेरणी गेली. म्हणजे हा रोग गोठ्यापुरता राहत नसे, घराचे वर्ष बुडवत असे. आफ्रिकेत १८८७ नंतर हीच साथ पसरली तेव्हा कित्येक प्रदेशांतली दहांपैकी आठ-नऊ गुरे मेली आणि मागोमाग दुष्काळाने माणसेही मेली.

हिंदुस्थान सरकारने गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष हॅलन, आणि अहवाल आला १८७१ मध्ये. पुढे १८८९ मध्ये पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे, म्हणजे इज्जतनगरच्या ‘आयव्हीआरआय’चे, मूळ हे असे पुण्यातले. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पण घातक रोगजंतूंवरचे काम भरवस्तीत करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तिथे येऊन गेले.

मुक्तेश्वरला प्रथम तयार झाले ते रक्तजल. रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातले संरक्षण दुसऱ्याला टोचायचे. पण ते काही आठवडेच टिके. मग १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा नेला. शेळीला सरावलेला विषाणू गुरांसाठी सौम्य झाला. ही लस स्वस्त होती आणि एका टोचणीत दीर्घकाळ पुरत होती. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींच्या संवर्धनावर आणखी सुरक्षित लस बनवली.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. लस टोचणारे गावोगाव फिरले आणि साथी झपाट्याने कमी झाल्या. पण शून्य काही होईनात. कारण साधे आहे. दरवर्षी नवी वासरे जन्माला येतात, त्यांना लस मिळालेली नसते. बैलबाजार भरतात, कळप चाऱ्यासाठी एका राज्यातून दुसऱ्यात जातात. चारचौघांत तीन जनावरे सुरक्षित असली तरी चौथ्याच्या आधाराने विषाणू जगतो.

इथे खरी अडचण समजून घ्या. रक्तात प्रतिपिंडे आहेत का हे सांगणारी ‘एलायझा’ चाचणी हाताशी आली होती. पण लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडे असतात आणि रोगातून उठलेल्याच्याही. चाचणीला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणजे लसीकरण चालू असेपर्यंत विषाणू खरोखर संपला की कुठे दडून बसला आहे, हे कळायला मार्ग नाही. खात्री करायची तर लस थांबवायला हवी. आणि थांबवली आणि विषाणू उरलेला असला, तर समोर लाखो असुरक्षित जनावरे. हा निर्णय कागदावर सोपा दिसतो. ज्याची बैलजोडी हीच पुंजी, त्याच्या दारात उभे राहून तो किती जड असेल याचा विचार करा.

१९९२ नंतरच्या नव्या प्रकल्पात हे धाडस टप्प्याटप्प्याने केले गेले. देशाचे विभाग पाडले, लस थांबवली आणि शोध सुरू झाला. पशुवैद्यकीय कर्मचारी गावात जाऊन विचारत: तोंडात फोड आणि हगवण असलेले जनावर कुणी पाहिले का? गुरांच्या वाटा आणि बाजार तपासले गेले. लस थांबल्यावर जन्मलेल्या जनावरांचे रक्त तपासले. त्यात प्रतिपिंडे नाहीत, तर विषाणू फिरत नाही.

याच काळात मेंढ्यांनी एक कोडे घातले. दक्षिणेत शेळ्या-मेंढ्यांमध्ये अशीच लक्षणे दिसत आणि त्याला बुळकांडीच समजले जाई. १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढ्यांतला रोग तपासला तेव्हा तो वेगळा निघाला: पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा स्वतःचा रोग, बुळकांडीचा जवळचा नातलग. दोघांना वेगळे ओळखणाऱ्या चाचण्या नसत्या, तर बुळकांडी संपल्यावरही ती आहेच असे वाटत राहिले असते.

भारत २००६ मध्ये बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त जाहीर झाला, जग २०११ मध्ये. ही घोषणा करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक म्हणजे १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली जागतिक पशुआरोग्य संस्था. तिच्या जन्माचे कारणही आपल्याशी जोडलेले आहे. १९२० मध्ये ब्राझीलकडे निघालेली हिंदुस्थानी गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि युरोपात बुळकांडी पुन्हा शिरली. त्या धक्क्यातून देशांनी एकमेकांना साथीची खबर देण्याचे ठरवले.

आता २०३० पर्यंत पीपीआर संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. लस आपल्याकडे आहे, मुक्तेश्वरलाच तयार झालेली. पण मेंढपाळाचा कळप आज इथे, उद्या तिथे. आणि आजार सांगितला तर बाजारात जनावर विकले जाणार नाही, ही भीतीही खरी आहे. बुळकांडी गेली ती टोचणाऱ्याच्या सुईने, प्रयोगशाळेच्या चाचणीने, आणि ‘हो, माझ्या गोठ्यात जनावर आजारी आहे’ असे खरे सांगणाऱ्या शेतकऱ्यामुळे. तिघांपैकी एक जरी नसता, तरी ती अजून इथेच असती. पीपीआरच्या वेळीही हिशोब तोच आहे.