मोटारशर्यती व स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह

मोटारशर्यतींत स्त्रियांना स्पर्धक म्हणून मिळालेली वागणूक व त्यांच्यावर घालण्यात आलेले निर्बंध यांचा इतिहास जवळजवळ या खेळाइतकाच जुना आहे. धावणे, पोहणे यांसारख्या खेळांत स्त्रियांच्या व पुरुषांच्या स्पर्धा स्वतंत्र असतात. मोटारशर्यतीत वेग यंत्राचा असल्याने दोघांना एकाच स्पर्धेत उतरता येते आणि निकाल घड्याळावरून ठरतो. तरीही स्त्रियांना या खेळातून वारंवार वगळण्यात आले. त्यासाठी दिलेली कारणे काळानुसार बदलत गेली. विचारपद्धती मात्र बदलली नाही. पुरुष चालकाच्या अपघाताचे कारण रस्ता, यंत्र किंवा त्याची व्यक्तिगत चूक यांत शोधले गेले; स्त्रीच्या अपघाताचे कारण तिच्या स्त्रीत्वात शोधण्यात आले. तिचे यश मात्र अपवाद मानले गेले.

प्रारंभीची बंदी : फ्रान्समधील काम्यी द्यू गास्त (१८६८–१९४२) यांनी १९०१ च्या पॅरिस–बर्लिन शर्यतीत भाग घेऊन ती पूर्ण केली. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत त्या आघाडीच्या गाड्यांजवळ पोहोचल्या होत्या. पण अपघातात जखमी झालेल्या एका स्पर्धकाच्या मदतीसाठी त्या वाटेत थांबल्या आणि मागे पडल्या. या शर्यतीत अनेक चालक व प्रेक्षक मृत्युमुखी पडल्याने ती बॉर्दो येथेच थांबवण्यात आली. मरण पावलेले चालक सर्व पुरुष होते. तथापि पुढील वर्षी फ्रान्समध्ये शर्यतींची दारे बंद झाली ती स्त्रियांना, आणि त्यासाठी स्त्रीस्वभावातील चंचलतेचे कारण पुढे करण्यात आले. द्यू गास्त यांनी याचा जाहीर निषेध केला व त्या यांत्रिक नौकांच्या शर्यतींकडे वळल्या.

इंग्लंडमध्ये १९०७ साली ब्रूकलँड्स येथे खास मोटारशर्यतींसाठी धावपट्टी बांधण्यात आली. तिच्या उभारणीत संस्थापकाची पत्नी एथेल लॉक किंग यांचा मोठा वाटा होता. उद्‌घाटनाच्या वेळी अग्रभागी गाडी चालवण्याचा मानही त्यांना मिळाला. मात्र स्पर्धेत उतरण्यास स्त्रियांना मनाई होती. डॉरथी लेव्हिट या नामांकित चालकालाही तेथे प्रवेश नाकारण्यात आला. १९०८ साली केवळ स्त्रियांसाठी एक शर्यत भरवण्यात आली व ती म्यूरिएल टॉम्सन यांनी जिंकली. त्यानंतर दार पुन्हा बंद झाले. पहिल्या महायुद्धानंतर हे निर्बंध हळूहळू सैल होत गेले.

दोन महायुद्धांमधील काळ : या काळातील निकालांवरून स्त्रियांच्या क्षमतेचा प्रश्न खरे तर निकालात निघावयास हवा होता. चेकोस्लोव्हाकियाच्या एलिश्का युंकोव्हा (१९००–९४) यांनी सिसिलीतील डोंगराळ मार्गावरील तार्गा फ्लोरिओ या शर्यतीत १९२८ साली नामवंत पुरुष चालकांविरुद्ध पाचवा क्रमांक मिळवला. १९३२ साली ब्रूकलँड्स येथील एक हजार मैलांची शर्यत एल्सी विझ्डम व जोन रिचमंड यांनी जिंकली. त्याच वर्षी ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ओदेत सिको यांनी सहचालकासह चौथा क्रमांक पटकावला. केय पीटर यांनी १९३५ साली ब्रूकलँड्स येथे ताशी सु. २१७ किमी. वेग गाठला.

स्त्री-चालकाचे स्थान किती अस्थिर होते, हे एले नीस (१९००–८४) यांच्या उदाहरणावरून दिसते. नर्तकीचा व्यवसाय सोडून शर्यतींत नाव मिळवलेल्या या फ्रेंच चालकावर १९४९ साली माँटे कार्लो येथे लुई शिराँ या प्रख्यात चालकाने जर्मन गुप्तपोलिसांची हस्तक असल्याचा जाहीर आरोप केला. त्यासाठी कोणताही पुरावा देण्यात आला नाही; परंतु त्यांची कारकीर्द संपली व त्या दारिद्र्यात निवर्तल्या.

ल मां येथील बंदी : दुटप्पी निकषाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ल मां येथे आढळते. १९५५ च्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. तिचा चालक पुरुष होता. या दुर्घटनेनंतर धावपट्टीची पुनर्रचना झाली आणि स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली; मात्र पुरुषांनी गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढील वर्षी रीम्स येथील बारा तासांच्या शर्यतीत आनी बुस्के यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यात दुसऱ्या कोणालाही प्राण गमवावे लागले नाहीत. तथापि त्यानंतर ल मां येथे सर्वच स्त्रियांना मज्जाव करण्यात आला. १९७१ साली मारी-क्लोद बोमाँ सहभागी झाल्या, तेव्हा हा खंड संपला.

फॉर्म्युला १ : जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या स्त्री-चालक म्हणजे इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिप्पिस (१९२६–२०१६). १९५८ साली मोनाको येथे त्या पात्र ठरू शकल्या नाहीत. अपात्र ठरलेल्या अनेक पुरुषांत पुढे या खेळाचे सूत्रधार बनलेले बर्नी एकल्‌स्टन हेही होते. बेल्जियममधील शर्यतीत त्या दहाव्या आल्या. फ्रान्समधील शर्यतीच्या संचालकाने मात्र, स्त्रीने केशभूषागृहातील शिरस्त्राणाव्यतिरिक्त दुसरे शिरस्त्राण घालू नये, असे सांगून आपल्याला प्रवेश नाकारला, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. इटलीच्याच लेला लोंबार्डी (१९४१–९२) १९७५ साली स्पेनमध्ये सहाव्या आल्या. अपघातामुळे ती शर्यत अर्ध्यावर थांबल्याने त्यांना अर्धा गुण मिळाला. अजिंक्यपदाच्या शर्यतींत स्त्रीने मिळवलेला तो एकमेव गुणांश होय.

१९९२ साली जोव्हाना आमाती यांना ब्रॅबम संघाच्या गाडीतून तीनही प्रयत्नांत पात्रता मिळवता आली नाही. त्यांच्या जागी आलेले डेमन हिल आठांपैकी दोनच शर्यतींस पात्र ठरले. हिल यांना पुढे अधिक चांगल्या गाड्या मिळाल्या व १९९६ साली ते जगज्जेते झाले. आमातींना दुसरी संधी मिळाली नाही. त्यांच्यानंतर २०२४ अखेरपर्यंत एकाही स्त्रीने या स्पर्धेच्या पात्रता फेरीत भाग घेतलेला नाही.

अमेरिका : इंडियानापोलिस येथे १९७१ पर्यंत स्त्रियांना, वार्ताहर म्हणूनही, गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत प्रवेश नव्हता. १९७७ साली अवकाशयान-उद्योगात काम केलेल्या जॅनेट गथ्री तेथील पाचशे मैलांच्या शर्यतीस पात्र ठरलेल्या पहिल्या स्त्री-स्पर्धक झाल्या. ‘सद्‌गृहस्थहो, आपापली एंजिने सुरू करा’ या अर्थाची पारंपरिक आज्ञा बदलण्याची गरज नाही, कारण एंजिने चालक नव्हे तर यांत्रिक सुरू करतात, असे व्यवस्थापनाने म्हटले. त्यावर गथ्री यांच्या संघाने एंजिन सुरू करण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपवले. अखेर आज्ञेत बदल करावा लागला. पुढील वर्षी मनगटाचे हाड मोडलेले असताना गथ्री नवव्या आल्या. २००५ साली त्याच शर्यतीत डॅनिका पॅट्रिक चौथ्या आल्या; त्या सुमारास त्यांच्या कमी वजनाचा त्यांना गैरवाजवी लाभ मिळतो, अशी तक्रार एका चालकाने केली. ज्या शरीराला पूर्वी दुर्बल ठरवले गेले, तेच आता अन्यायकारकपणे सोयीचे ठरले. पॅट्रिक यांनी २००८ साली जपानमध्ये इंडीकार मालिकेतील शर्यत जिंकली.

रॅली शर्यती : रॅलीमध्ये गाड्या ठराविक अंतराने सुटतात व चालकाची स्पर्धा प्रामुख्याने वेळेशी असते. या प्रकारात स्त्रियांचे यश अधिक ठळक आहे. पॅट मॉस व ॲन विझ्डम (एल्सी विझ्डम यांची कन्या) यांनी १९६० साली लिएज–रोम–लिएज ही खडतर रॅली जिंकली. स्वीडनच्या एव्ही रॉस्क्विस्ट व उर्सुला व्हिर्ट यांनी १९६२ साली अर्जेंटिनातील शर्यतीचे सर्व सहा टप्पे जिंकले. फ्रान्सच्या मिशेल मूटाँ यांनी १९८१ साली सान रेमो येथे व १९८२ साली पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील येथे विजय मिळवून जागतिक अजिंक्यपदात दुसरे स्थान मिळवले. जर्मनीच्या युट्टा क्लाइनश्मिट यांनी २००१ ची डकार रॅली जिंकली.

लेखी बंदी गेल्यानंतरही अडथळे उरले. चांगली गाडी मिळणे हे संघमालक व पुरस्कर्ते यांच्या विश्वासावर अवलंबून असते. ती न मिळाल्यास निकाल लागत नाही आणि निकाल नाही म्हणून विश्वास बसत नाही. या चक्रात पूर्वग्रह नियमांच्या आधाराविना टिकून राहतो. स्टर्लिंग मॉस यांनी २०१३ साली स्त्रियांच्या अंगी शर्यतीस लागणाऱ्या मनोवृत्तीविषयी शंका व्यक्त केली. लिएजची विजेती पॅट ही त्यांचीच बहीण होय. केवळ स्त्रियांसाठी २०१९ साली सुरू झालेली डब्ल्यू सिरीज ही मालिका पैशांअभावी २०२२ मध्ये अपुरी राहिली. तिची तिन्ही विजेतेपदे जेमी चॅडविक यांना मिळाली, पण त्यामुळे फॉर्म्युला १ मधील जागा त्यांना मिळाली नाही. २०२३ साली एफ-वन अकॅडमी ही नवी मालिका सुरू झाली. स्वतंत्र मालिका सरावाची संधी देतात. त्यांतील विजेतीला पुढच्या श्रेणीत चांगली गाडी देणे मात्र संघमालकांच्याच हाती असते.